रुचिताचा थांबा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

क्रांती,

मागच्या पत्रात एक चूक गेली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की रांगणा गडाच्या कार्यक्रमातून संध्याकाळचा थांबा मोनाने काढायला लावला. तसं झालेलं नाही. थांबा मी काढला. मोना तेव्हा शेडच्या बाहेर फोनवर बोलत होती. तुझ्याशीच बोलत असणार असं मला वाटलं, पण तेही मला नक्की माहीत नाही, म्हणून ते धरू नकोस.

रविवारी आम्ही जोतीरामच्या उचगावच्या शेडमध्ये जमलो. फौंड्रीला सुट्टी होती. यशराजने नकाशा फरशीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार मोठे नट ठेवले. पंचवीस डिसेंबरला एसटीने गारगोटी, तिथून पाटगाव आणि मुक्काम. सव्वीसला रानातून चालत रांगणा, गडावर तंबू. सत्तावीसला पलीकडे कोकणात नारूरला उतरायचं. सगळं ठरत आलं होतं. अडत होतं ते सव्वीसला. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी बसून जेवायचं, हा आपला नेहमीचा नियम धरला तर पहाटे काळोखात निघावं लागतं. न धरला तर आरामात निघून सात-साडेसातला गड गाठता येतो.

जोतीरामने माझ्याकडे बघितलं. "रुचे, तुझ्या थांब्याचं काय करायचं?"

मी म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नका. मी आता ते पाळत नाही."

मला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, असं कसं. इतकी वर्षं थांबलो, आता का नाही. जोतीराम म्हणाला, "मग बरं झालं की," आणि कानावरची पेन्सिल काढून त्याने रेघ मारली. मग मोना आत आली आणि तू बसायचीस त्या उलट्या डब्यावर बसली. घरी पोचेपर्यंत माझ्या मनात अशी गोष्ट तयार झाली होती की हे तिनेच केलं. मी ती तशीच तुला लिहून टाकली.

आत्ती म्हणते, खोटं गेलं असेल तर ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे जाऊन परत आणायचं. मी शाळेत जायच्या आधी तिनेच मला घरी शिकवलं, स्वयंपाकघरात, पाणी गाळता गाळता. अक्षरं आणि नियम मला एकदमच आले, त्यामुळे अजूनही दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. तर हे परत आणलं.

आता मोनाचं. तू लिहिलं होतंस, ती दोन वर्षं बेंगळुरात तुझ्या खोलीवर होती, आता उचगावला घरी परतली आहे, तिला सांभाळून घ्या. आम्ही घेतो आहोत. ती वाईट नाही. चांगली चालते असं जोतीराम म्हणतो. पण रविवारी तिने सगळ्यांना भुदरगडची गोष्ट सांगितली. आपल्या पहिल्या ट्रिपची गोष्ट, ज्यात ती नव्हती आणि मी होते, ती तिने मलाच सांगितली. आणि चुकीची सांगितली. म्हणाली, रुचिता उपाशी राहिली आणि रात्री रडली. मी रडले नव्हते. आपण अंधार पडल्यावर पोचलो, सगळे खिचडी खायला बसले, आणि मी पोट बिघडलं आहे म्हणून बाजूला बसले. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत हे सांगायची मला लाज वाटत होती. तूच ओळखलंस. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तू वाटेत मधोमध उभी राहिलीस आणि म्हणालीस, "थांबा रं. हिचं पोट आणि सूर्य एकाच घड्याळावर हाईत." जोतीराम कुरकुरला की हिच्यासाठी बटाटापण चालत नाही, जमिनीत झोपलेलं काय उठवायचं नसतं. तू त्याला म्हणालीस, "तूबी झोपल्यालाच असतोस, तुला कोण खातंय?" तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला तो थांबा होता. रुचिताचा थांबा.

यात रडणं कुठेही नाही. तू तिला तसं सांगितलंस का? की तिने आपल्या पदरचं घातलं?

जुलैत तू म्हणालीस, फोनवर मी तुझी उलटतपासणी घेते, काय असेल ते लिहून पाठव. म्हणून लिहिते आहे. पण वरचे दोन प्रश्न उलटतपासणीच आहेत हे मला दिसतंय. तरी खोडत नाही.

रुचिता


मंगळवार पेठ
सोमवार, २४ नोव्हेंबर

क्रांती,

काल पुन्हा शेडमध्ये जमलो. कोणी काय आणायचं ते ठरलं. मोठं पातेलं यशराज आणणार, दोर जोतीराम. गव्यांचा विषय निघाला. पाटगावच्या रानात अंधार पडला की गवे वाटेवर येतात असं यशराजच्या मामाने सांगितलंय. जोतीराम म्हणाला, टॉर्च हाईत की. यशराज म्हणाला, गव्याला टॉर्च दाखवून काय विचारणार, रस्ता? सगळे हसले. मीही हसले. आपल्या थांब्यामुळे इतकी वर्षं आपण अंधारात कधी रानात चाललोच नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मोनाकडे पाठीवरची मोठी सॅक नाही. जोतीरामने मला विचारलं, क्रांतीची सॅक तुझ्याकडं पडून हाय ना, ती दे की हिला. तुझ्या सॅकची चेन गेली आहे, म्हणून देता आली नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. साडेपाच वाजता, सगळे बोलत असताना, मोनाने पिशवीतून डबा काढला आणि कोपऱ्यात बसून जेवायला लागली. भाकरी, वांगं. दाराकडे तोंड करून. जोतीरामने विचारलं, काय गं, एवढ्यात भूक? ती म्हणाली, सवय लागली.

क्रांती, मला ते बघवेना. ती माझी नक्कल करत होती असंच मला वाटलं. तुझी खोली तिला मिळाली, तुझ्या गोष्टी तिला मिळाल्या, उलटा डबा मिळाला, आता माझी वेळही तिला पाहिजे. आणि दाराकडे तोंड करून बसायचं हे तर माझंच आहे. ऊन किती राहिलंय ते दिसावं म्हणून मी तशी बसते, हे तुझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलेलं मला माहीत नाही.

मीटिंग संपली तेव्हा अंधार पडला होता. सगळे कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिसळ खायला निघाले. मी घरी जाऊ शकत होते. मी गेले. म्हणजे गाड्यावर गेले. मिसळ घेतली. बटाट्याची भाजी घालून घेतली, वरून कांदाही. मोना माझ्यासमोर नुसता चहा घेऊन उभी होती. जोतीराम म्हणाला, "रुचे, झोपल्याला उठवलास की गं." मोनाने माझ्या ताटलीकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी खाता हे?" मी म्हणाले, "हो. का?"

मी सगळी ताटली संपवली. चव काही कळली नाही. कट तिखट होता एवढं आठवतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अंधारात जेवले आणि ते कोणाच्या तरी नाकावर टिच्चून जेवले. याआधी शेडमध्ये "मी पाळत नाही" म्हणाले होते, ते तेव्हा खोटं होतं. काल ते खरं केलं.

तू येणार आहेस ना? यादीत तुझ्या नावापुढे जोतीरामने अजून काही लिहिलेलं नाही.

रुचिता


मंगळवार पेठ
मंगळवार, २ डिसेंबर

क्रांती,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर दोनच शब्द. "मोनाला विचार."

मी विचारणार नाही. तुझ्याविषयी काही कळायचं असेल तर आता मोनाकडे अर्ज करायचा, हे मला जमणार नाही. आपण अकरावीपासून एका बाकावर होतो. तुझ्या गारगोटीच्या घरी तुझी आई मला न विचारता बिनलसणाची चटणी वाटून ठेवायची. तुझ्या मनात काय आहे हे मी दुसऱ्या कोणाला का विचारू?

आणि रविवारी जोतीरामने ग्रुपवर टाकलं की क्रांती येत नाही. एवढंच. कारण नाही. खाली सगळ्यांनी रडके चेहरे टाकले. मोनाने काही टाकलं नाही. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. काल दिवसभर मी हेच मनात घोळवलं, की तिला किती आधी माहीत होतं. डेअरीच्या लॅबमध्ये दुधाच्या एका नमुन्याचं फॅट मी दोनदा चुकीचं वाचलं. मॅडम म्हणाल्या, घरी बरं आहे ना?

घरचं सांगते. त्या मिसळीच्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आत्तीने माझं ताट झाकून ठेवलेलं होतं, रोजच्यासारखं दिवस असतानाच वाढून. मी म्हणाले, बाहेर खाऊन आले. तिने ताट उचललं. तेव्हापासून ती रोज माझ्याआधी एकटीच जेवून घेते. मी पाचला सुटून सहाच्या आत घरी येऊ शकते, येत नाही. मुद्दाम रंकाळ्याला चक्कर मारून येते. काल तिने विचारलं की त्या गडावर जाणाऱ्या पोरांशी काही बिनसलंय का. मी तिला सगळं नाही, पण मोनाचं सांगितलं. की एक मुलगी आहे, ती आपली नक्कल करते, म्हणून मी सोडून दिलं.

आत्ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाळ, नियम तुझा हाय का त्या पोरीचा?"

मी म्हणाले, माझा.

"मग तिनं पाळला तर तुझा का मोडला?"

तिने तांदळातला खडा बाजूला टाकला.

आणखी एक. तुझ्या सॅकची चेन गेलेली नाही. चांगली आहे. पत्र लिहायच्या आधी मी ती पुन्हा ओढून पाहिली, की निदान आता तरी अडकते का. नाही अडकत. सॅकच्या आतल्या कप्प्यात तुझा जुना रुमाल आहे आणि पाटगावच्या मधाच्या बाटलीचं झाकण आहे. हे मोनाच्या पाठीवर जाऊ नये असं मला वाटलं. अजून वाटतं.

तू येणार नसशील तर मीही जाणार नाही. हे धमकीसारखं वाचू नकोस. मला तुझ्याशिवाय तिथे मोनाबरोबर चालणं जमणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रुचिता


मंगळवार पेठ
सोमवार, ८ डिसेंबर

क्रांती,

मोनाला विचारलं.

काल दुपारी सॅक घेऊन उचगावला तिच्या घरी गेले. सॅक द्यायची होती, कारण तिच्या चेनचं खोटं मोनाकडेही गेलेलं होतं. विचारायचं असं काही घरून ठरवून निघाले नव्हते. खरं तर ठरवून निघाले होते, पण तोंडातून शब्द फुटेल असं वाटलं नव्हतं.

दारात तिची आई, बायडाबाई, म्हशींसाठी वैरण सोडत होत्या. माझं नाव सांगितलं तशी त्यांनी आत हाक मारली, "मोने, ह्याच का त्या साडेपाचच्या?"

मला काही कळेना. त्या मला बसायला पोतं टाकत म्हणाल्या, "बसा पावणं. बेंगळुरास्नं आल्यापास्नं ही पोरगी उन्हं कलली की चुलीम्होरं येऊन बसती. आमच्यात धार काढल्याबिगर कोण जेवतंय व्हय? हिच्यापायी मला दोनदा चूल पेटवायला लागती." रागाने नाही, गंमत म्हणून सांगत होत्या.

मोना बाहेर आली. सॅक घेतली. चेन इकडून तिकडे ओढली, पुन्हा तिकडून इकडे ओढली. "चांगली हाय की," म्हणाली. मी म्हणाले, "हो. मी खोटं सांगितलं होतं." ती म्हणाली, "ते ठाऊक हाय." मग आम्ही गोठ्याच्या कडेला बसलो आणि मी विचारलं. तू साडेपाचला का जेवतेस?

ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण यात माझा एक शब्दही जाऊ नये.

"मला कुठं जेवायचं असतंय? क्रांती जेवायची. आमच्या हापिसात साडेपाचला डबा उघडायची, सुट्टीच्या दिवशी खोलीवर. एकटीला कसं जेवू द्यायचं म्हणून मीबी बसायचो. एकदा इचारलं तिला, तू काय जैन हायस व्हय? म्हनली, न्हाय. कोल्हापुरात माझी एक हाय, ती आत्ता जेवत असंल."

बायडाबाई बादली घेऊन आमच्यामधून गेल्या.

मग मोना म्हणाली, "दोन वर्षं तुमच्या टायमाला जेवलो मी. भूक नसायची तरी. तिच्यासमोर मी बसायचो आणि ती दाराकडं बघायची. मला वाटायचं, ही रुचिता हाय तरी कोण एकदा बघू. आणि बघितली तर मिसळ खाताना."

एवढं बोलून ती हसली. मला हसू आलं नाही. मग तिने बाकीचंही सांगितलं. जोतीरामने नवा कार्यक्रम पाठवला तेव्हा तू तिला फोन केलास. थांबा का नाही, रुचिता येत नाही का, असं विचारलंस. ती म्हणाली, येतीय की, थांबा तिनंच काढला. मिसळीचं तिने तुला सांगितलं नाही. ते मी लिहिलेल्या पत्रातून तुला कळलं. ते मिळाल्यावर तू मला दोन शब्द लिहिलेस आणि जोतीरामला येत नाही म्हणून कळवलंस.

भुदरगडचं रडणंही तिने पदरचं घातलं नव्हतं. तूच तिला सांगितलं होतंस की मी रडले. क्रांती, मी नव्हते रडले. पण तू त्या रात्री जागी होतीस हे मला काल कळलं, आणि तुला तसं वाटलं असेल तर असेल. हे मी सोडून देते.

आता जे सोडता येत नाही ते. हे सगळं कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, उचगावहून येताना बसमध्ये, तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत. मग पुन्हा सुरू झालं. तू माझी वेळ पाळत होतीस, पण समोर मी नव्हते, मोना होती. त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या होत्या आणि त्या तिच्या वाट्याला आल्या. आणि तिला वाटतं की तिच्या होत्या, त्या मी नेल्या. आम्ही दोघी गोठ्याच्या कडेला बसून एकमेकींचा हेवा करत होतो, आणि म्हैस मधेच हंबरत होती. तुला हे सांगताना मला लाज वाटते, तरी ते खरं आहे. मोनाशी माझी मैत्री झालेली नाही. ती मला आवडते की नाही हेही मला सांगता येत नाही. एवढंच म्हणते की तिने भूक नसताना भाकरी खाल्ली, आणि मी भूक नसताना मिसळ खाल्ली, आणि या दोन्हींत जमेस धरण्यासारखी तिची आहे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ऊन होतं. आत्ती ताट घेऊन बसत होती. मी हात-पाय धुऊन तिच्याशेजारी बसले. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं, भाकरी मोडली आणि विचारलं, "मग, कुणाचा ठरला?" मी म्हणाले, माझाच. ती म्हणाली, "मग सगळ्यांम्होरं सांग. घरात मला सांगून काय उपेग?"

आज दुसरा दिवस. दोन दिवसांनी काही सिद्ध होत नाही हे मला कळतं.

तू ये असं मी लिहीत नाही. यायचं की नाही ते तू ठरव. गडावरचा सव्वीसचा थांबा मात्र परत कार्यक्रमात येईल, तू असलीस तरी आणि नसलीस तरी. मी हा थांबा तुझ्यासाठी मागणार नाही, माझ्यासाठी मागणार आहे. पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने. भुदरगडला तू माझ्या वतीने बोललीस, त्यानंतर मला कधी बोलावंच लागलं नाही. जोतीराम कुरकुरेल. पहाटे काळोखात उठायचं कोणाला आवडत नाही. त्याला गव्यांचं सांगेन. तेवढ्याने नाही ऐकलं तर पाटगावलाच थांबेन, आणि ते पलीकडे नारूरला उतरतील तेव्हा तिथूनच एकटी परत येईन. पण थांब्यावर आपणहून रेघ मारायला लावणार नाही.

शेवटची मीटिंग येत्या रविवारी आहे. आत्तीला कच्च्या केळ्याची भाजी करायला सांगितली आहे, दोघींना पुरेल एवढी. तिने विचारलं, दुसरी कोण? मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तीच? नक्कल करणारी?" मी हो म्हणाले. तिने एक केळं जास्त घेतलं.

मोनाला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती घरून खाऊन येईल, तेवढी ती हट्टी आहे. उलट्या डब्यावर तीच बसलेली असेल. बसू दे. मी तिच्या शेजारी फरशीवर बसेन, दाराकडे तोंड करून, आणि कार्यक्रमाचं बोलणं थांबवून सगळ्यांसमोर सांगेन की थांबा मी काढला होता आणि मीच परत घालते आहे. रविवारी, १४ डिसेंबरला, शेडच्या दारात ऊन असतानाच मी डबा उघडणार आहे.

रुचिता